वासराचे डोळे

काकडेबाई गेल्याचं कार्ड मला मिळालं तेव्हा त्यांना जाऊन सोळा दिवस झाले होते. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच कळलं. मजकूर दोन ओळींचा होता. त्यांच्या धाकट्या भावानं जाड, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमची आक्का वारली. मराठीच्या बाईला कळवा असे बोलली होती.’ मराठीची बाई म्हणजे मी. सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही पाच वर्षं बरोबर काढली. त्या मुदतीत त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. ‘ए मराठीवाली’ म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

कार्ड मी दोनदा वाचलं. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि त्यातले दोन पूर्णविराम पाहत उभी राहिले. हे मी का केलं ते सांगायचं, तर काकडेबाईंविषयीच सांगावं लागेल.

त्या चित्रकला शिकवायच्या. बांधा किरकोळ, रंग काळा, कपाळ मोठं, आणि बोटांची नखं शाईनं कायमची काळी. सुती इरकलीशिवाय दुसरं लुगडं त्यांच्या अंगावर मी पाहिलं नाही. कमरेला एक पत्र्याची चपटी डबी खोचलेली असायची. लोकांना वाटे, तपकीर असेल. तिच्यात अर्धं ब्लेड असे. पेन्सिलीला टोक त्यानंच, चुकलेली रेघ खरवडायची ती त्यानंच. रबराला त्यांचा विरोध होता. “रबर नुसतं पसरवतंय,” म्हणायच्या. “काढायचं तर कागदाच्या कातड्यापासनं काढावं.”

चित्रकलेचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसे. तीनचा भोंगा झाला की त्या मुलींना दोन मिनिटं हात थांबवायला लावत. भोंग्यात काढलेली रेघ थरथरते, असं त्यांचं म्हणणं. मी नवीन असताना यावर हसले होते. पुढं एकदा त्यांनी मला दोन वह्या शेजारी ठेवून दाखवल्या, त्यानंतर हसले नाही.

नवीन असतानाचीच गोष्ट. एकदा त्यांनी पाचवीच्या मुलींना चिठोऱ्या वाटल्या आणि सांगितलं, “प्रत्येकीनं फक्त एक ठिपका काढायचा. मागं नाव लिहायचं.” मग चिठ्ठ्या नावाची बाजू खाली करून टेबलावर मांडल्या. एकेक उचलून त्या सांगायला लागल्या.

“ही रझिया. पेन्सिल टेकवून जागच्या जागी फिरवलीय. भित्री हाय.”

मुली हसल्या. चिठ्ठी उलटली. रझियाच होती.

“ही सरोजा. उचलताना हात मागं वढलाय. घाई झालीय घरी जायची. काय गं, शेवया हायत का आज घरात?”

चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. एकही चुकली नाही. हसणं मात्र हळूहळू थांबलं. शेवटच्या चिठ्ठीपाशी त्या बराच वेळ घुटमळल्या. चिठ्ठी नाकाजवळ नेली, लांब धरली, मग विचारलं, “लक्ष्मी आज आलीय का?”

“व्हय बाई, ती काय,” कुणीतरी म्हणालं. पण बाकावर लक्ष्मी नव्हती. तिची मैत्रीण मान खाली घालून बसली होती. लक्ष्मीची गैरहजेरी लागू नये म्हणून तिनं तिच्या नावाची एक जादा चिठ्ठी घातली होती.

“नाव एकीचं, हात दुसरीचा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “नाव खोटं घालता येतंय. ठिपका न्हाय येत.”

त्या दिवशी जिना उतरताना मी त्यांना थट्टेनं विचारलं, “माझाही ओळखाल का?”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. “तुझा कशाला आत्ता? गरज पडली तर बघू.”

बाईंच्या वर्गात भिंतीला त्यांची चित्रं होती. हातमागावर बसलेली बाई, बोहारीण, शेळ्या, टांग्याचा घोडा. सगळी इतकी खरी की घोड्याच्या घामाचा वास यावा. पण एकाच्याही डोळ्यांत बुबुळ नव्हतं. पापण्या, भुवया, डोळ्याची कड, सगळं जागच्या जागी, आणि आत कोरा कागद. सवय होईपर्यंत त्या खोलीत पाठ करून बसणं जड जाई. तपासणीच्या आधी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “काकडेबाई, तेवढे डोळे पुरे करून टाका हो. साहेब लोक काय म्हणतील?”

“डोळे पोरींनी काढायचे,” काकडेबाई म्हणाल्या. “मी काढले तर ते माझ्याकडंच बघत बसतात.”

मुख्याध्यापिकाबाईंना तो विनोद वाटला. जुन्या शिपायाकडून मला कळलं की पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्या डोळे काढत, आणि बुबुळात पांढरा कवडसा कसा राखायचा ते मुलींना मुद्दाम शिकवत. “तेवढा एक पांढरा ठिपका ठेवला की चित्र जितं होतंय,” असं म्हणत. दुष्काळाच्या वर्षी त्या महिनाभर रजेवर गावी गेल्या, वैरागच्या बाजूला. परत आल्यावर शिडी मागवून त्यांनी भिंतीवरच्या प्रत्येक चित्राची बुबुळं त्या अर्ध्या ब्लेडनं खरवडून काढली.

शाळेबाहेर त्यांचं एक काम होतं. साखर पेठेत राजय्यांचा छोटा छापखाना होता. चादरींची लेबलं, लग्नपत्रिका, असली कामं तिथं होत. दर जूनमध्ये ते सोळा पानांचं रंगभरणाचं पुस्तक काढत. पाटी-पेन्सिलीबरोबर ते गल्लोगल्ली खपे. चित्रं बाईंची, आणि प्रत्येक चित्राखालची एक ओळ माझी. बाईंचा नियम एकच होता. न पाहिलेलं काढायचं नाही.

राजय्यांचं घरचं बोलणं तेलुगू, पण भांडायला त्यांना सोलापुरी मराठीच लागे. “बाई, एक तरी सिंह काढा की! पुण्याच्या पुस्तकात चार-चार सिंह असतात.”

“सिंह कुठं बघितलाय मी?”

“मी तरी कुठं बघितलाय? पोरांना लागतंय ओ.”

“मग पुण्याचंच इक,” बाई म्हणत, आणि राजय्या कपाळावर हात मारून शेळीचं चित्र घेऊन जात.

आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं. त्या जूनच्या पुस्तकात बाईंनी गाय काढली. कोरडा गोठा, हाडं वर आलेली गाय मान लांब करून वासराला चाटते आहे, असं चित्र. वासरू पाय ताठ करून उभं. त्याच्या पोटावर खालपर्यंत एक टाक्यांची ओळ होती. मी पाहिली, पण विचारलं नाही. चित्रात एक विलक्षण शांतता होती. मी खाली लिहिलं, ‘गाय वासराला चाटते. वासरू गप्प आहे.’

आता सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही, पण गाय-वासरू हे तेव्हा सत्तेतल्या पक्षाचं निवडणूक चिन्ह होतं. भिंतीभिंतीवर ते रंगवलेलं असे. त्यातली गाय कोण आणि वासरू कोण, हे लोक दार लावून हसत हसत बोलत. दार उघडं असलं की कुणी बोलत नसे. आम्हा दोघींच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. बाईंनी दुष्काळात पाहिलेली गाय काढली होती, आणि मी पाहिलेल्या चित्राखाली ओळ लिहिली होती.

पुस्तक बाजारात आल्यावर आठच दिवसांत राजय्या भर दुपारी वर्गात आले. पुस्तक सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेलं. घाम इतका की कव्हराचा लाल रंग बनियनला लागला होता. पक्षाच्या कुणा पुढाऱ्याच्या मुलीनं ते पान बापाला दाखवलं होतं. “पप्पा, वासराला शिवलंय,” म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीतले साहेब शाळेत आले. वयानं तरुण, आवाज मऊ. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आम्हा तिघांना बोलावलं. टेबलावर ते पान उघडं होतं.

“बाई, हे काय आहे?”

“वासरू.”

“पोटावर हे काय आहे?”

“टाके हायत. पेंढा भरल्यावर कातडं शिवावं लागतंय की.”

साहेबांनी पान जवळ ओढलं.

“म्हणजे हे मेलेलं आहे?”

“व्हय.”

“लहान मुलांच्या पुस्तकात तुम्ही मेलेलं वासरू काढलंत?”

“गावाकडं असंच असतंय साहेब. वासरू मेलं की गाय पान्हा सोडत न्हाय. मग त्याचं कातडं काढून, पेंढा भरून तिच्या म्होरं उभं करतात. ती चाटती, दूध देती. हितल्या निम्म्या पोरींनी बघितलेलं असतंय.”

“गाय-वासरू म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही?”

“गाय म्हणजे गाय,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी बोट खालच्या ओळीवर ठेवलं. “‘वासरू गप्प आहे.’ ही ओळ कुणाची?”

मी उत्तर देणार होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्याआधीच बाई म्हणाल्या, “माझीच.”

“भाषा बरी आहे तुमची.”

“मराठीवालीच्या शेजारी बसते. थोडी लागतीया अंगाला.”

मी गप्प राहिले.

साहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. टाके काढून टाकायचे. ओळ बदलायची. आणि वासराला डोळे काढायचे. “बाकीच्या चित्रांत काय आहे-नाही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. हे वासरू जिवंत दिसलं पाहिजे. शनिवारी चित्र माझ्या टेबलावर आलं, तर पान बदलून पुस्तक विका. नाही आलं तर छापखान्याला कुलूप, हे मालक आत. आणि बाई, तुम्हीही दोन कपडे बांधून ठेवा.” हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बोलता बोलता त्यांनी ते पान उलटून टेबलावर पालथं घातलं. का घातलं ते त्यांनाही कळलं नसावं. जाईपर्यंत त्यांचा तळहात त्यावरच होता.

साहेब गेल्यावर बाई दोन गोष्टींना लगेच कबूल झाल्या. “टाके काढून टाकते. ओळ ही मराठीवाली बदलंल. डोळे न्हाय काढणार.”

राजय्या चार दिवस जिन्याच्या पायऱ्या झिजवत होते. “दोन ठिपके, बाई! दोन ठिपक्यांसाठी मी आत जाऊ? आईला काय सांगू? पोरानं चोरी केली न्हाय, दारू प्याला न्हाय, गायीनं घातलं आत?”

“दुसऱ्याकडनं काढून घे.”

“कुणीबी हात लावंना. चित्रावर सही तुमची हाय म्हणतात.”

बाई त्यांच्याकडे बघत, आणि त्यांचे डोळे भरून येत. मला तेच समजेना. या बाईला राजय्यांची कणव होती, भीतीही होती. तरी त्या दोन ठिपक्यांपाशी त्यांचा हात थांबत होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी वर गेले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. बाई नवं चित्र पुरं करत होत्या. टाके गेले होते. चित्र राजय्यांकडे पोचवायचं काम नेहमी माझं असे, म्हणून मी बसून राहिले. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. मान वर केली नाही.

“भावजय बाळंतपणात गेली, दुष्काळाच्या साली. पोरगी राहिली मागं. बोटभर. शेळ्या आधीच इकल्या होत्या. एक गाय तेवढी होती, तिचं वासरू चौथ्या दिवशी मेलं. मग भावानं त्याच्यात पेंढा भरला. गाय चाटायला लागली. सकाळी तांब्याभर, सांजेला तांब्याभर. पोरगी त्याच्यावर जगली, गं. अडीच महिने.”

त्यांनी टाक शाईत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला.

“मी गेले रजा काढून. सगळं चांगलं चाललं होतं. फक्त त्या वासराला डोळे नव्हते. दोन भोकं. आत पेंढा दिसायचा. मला ते बघवंना. म्हटलं, आपण ड्रॉइंगच्या बाई, आणि आपल्या दारचं वासरू असं आंधळं? खळ लावून कागद चिकटवला भोकांवर आणि डोळे रंगवले. लई सुरेख झाले. पांढरा कवडसा ठेवला. भाऊ म्हणाला, आक्का, आता हाक मारंल बघ.”

“मग?”

“सांजेला गाय आली. चाटायला मान लांब केली. थांबली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग ती मागं मागं सरकली, दावं ताणून, पार भिंतीला लागली. पुन्हा दूध दिलं न्हाय. मी ते रंगवलेले डोळे पुसले, कागद काढला, भोकं पयल्यासारखी केली. ती परत जवळ गेली न्हाय.”

मी पोरीबद्दल विचारायचं धाडस केलं नाही.

“आठव्या दिवशी,” त्या आपणहून म्हणाल्या. “भाऊ म्हणाला, आक्का, तुझा काय दोष, दुष्काळच हाय. लई चांगला हाय तो.” मग टाक खाली ठेवून म्हणाल्या, “लोकांना वाटतं, गाय फसती. गाय फसत न्हाय, मराठीवाली. तिला वासानं सगळं कळतंय. मेलंय ठाऊक असून ती चाटत होती. कातडं तरी आपल्याचं हाय म्हणून. मी डोळे काढले आणि तिला ते करता येईना.”

त्यांनी चित्रावर फुंकर घातली आणि लिफाफ्यात सरकवलं. वासराचे डोळे कोरे होते. त्याची मान थोडी आपल्याकडे वळलेली, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या जागा दिसत होत्या. “राजय्याला दे. साहेबाला सांग म्हणावं, बाई कपडे बांधून बसलीय. माझ्या सहीचं चित्र हाय, मालकाला काय करू नका.”

“बाई, साहेब असं ऐकणार नाहीत.”

“न्हाय तर न्हाय.”

मी लिफाफा घेऊन खाली आले. चौथीचा वर्ग उघडा होता. मी शेवटच्या बाकावर बसले, चित्र बाहेर काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. सगळं ऐकून दहा मिनिटंही झाली नव्हती. मला राजय्यांची आई दिसत होती, बाईंची कपड्यांची पिशवी दिसत होती, आणि ‘माझीच’ हा त्यांचा आवाज कानात होता. या सगळ्यात माझी स्वतःची भीती किती होती ते मी मोजलेलं नाही. पहिला ठिपका नीट पडला. दुसऱ्याच्या वेळी हात कापला, आणि तो किंचित खाली उतरला. शाई वाळेपर्यंत मी बसले. ते वासरू आता गाईकडे बघत नव्हतं. पान धरणाऱ्याकडे बघत होतं.

शनिवारी बाई खरोखरच पिशवी घेऊन शाळेत आल्या. दोन लुगडी, एक तांब्या, ती डबी. प्रत्येक तासाला जिन्यावर पाऊल वाजलं की त्या उठून उभ्या राहत. दुपारी पाऊल वाजलं ते राजय्यांचं. हातात पेढ्याचा पुडा.

“देव पावला, बाई! साहेबांनी शिक्का मारला. एवढं रागावून शेवटी काढलेत की डोळे!”

बाईंनी पेढा घेतला. निम्मा तोडला.

“काढले म्हणतोस?”

“मग! काय बघतंय ते वासरू. साहेबांनी तर एकदा बघितलं आणि लगेच कागद पालथा घातला.”

मी जमिनीकडे बघत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी निम्मा पेढा सावकाश खाल्ला आणि उरलेला माझ्या हातावर ठेवला.

नवं पान पुस्तकात लागलं. खाली माझी नवी ओळ होती, ‘गाय वासरावर माया करते.’ चौथीच्या मुलींनी चित्रकलेच्या तासाला ते पान उघडलं, तेव्हा मी वह्या द्यायला वर गेले होते. मुलींनी गाय रंगवली. गोठा, दावं, आभाळ सगळं रंगवलं. वासरू तेवढं सगळ्यांनी कोरं ठेवलं. कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आणि रंगवताना प्रत्येकीचा डावा तळहात वासराच्या तोंडावर झाकलेला होता.

“वासराला का गं रंग नाही दिला?” मी एकीला विचारलं.

“बघतंय ते,” ती म्हणाली. “रंग दिला तर येईल.”

“कुठं येईल?”

ती गोठा रंगवत राहिली. हात मात्र उचलला नाही.

पुढच्या आठवड्यात एक आई तक्रार घेऊन आली. तिच्या पोरीनं पुस्तक डाळीच्या डब्याखाली पालथं घालून ठेवलं होतं आणि डबा काढू देत नव्हती. मग आणखी एक आई आली. पुस्तक खपायचं थांबलं. राजय्यांना कारण कळेना. कागद तोच, किंमत तीच. बाईंनी ते पान हातात घेतलं ते मी एकदाच पाहिलं. लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. त्या मला विचारतील म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. त्यांनी पान मिटलं आणि म्हणाल्या, “भाकरी आणलीयास का? शेंगाची चटणी हाय माझ्याकडं.”

त्यानंतर त्यांनी मुलींना सांगितलं, “ते पुस्तक आणून द्या, एक पेन्सिल न्या.” मुली धावत आणून देत. राजय्यांकडच्या उरलेल्या प्रतीही त्यांनी मागून घेतल्या. मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी बसत आणि अर्ध्या ब्लेडनं एकेका प्रतीतल्या वासराचे डोळे खरवडत. कागदाला भोक न पाडता, वरचा पापुद्रा तेवढा. मग फुंकर. मग पुढची प्रत. मी शेजारी डबा खात बसे. ब्लेडचा तो बारीक आवाज आमच्या दोघींच्या मध्ये सुट्टीभर चाले. त्यांनी मला कधी दूर बसायला सांगितलं नाही.

मग आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या, सरकार बदललं. एक दिवस नव्या सरकारच्या बाजूचे एक गृहस्थ शाळेत आले. नवं कोरं उपरणं, हातात हार. त्यांना सगळी हकिकत कळली होती.

“बाई, तुमच्यासारख्या निर्भय कलावंताचा सत्कार करायचाय. ते मूळचं चित्र द्या आम्हाला. टाक्यांचं. मोठं करून चौकात लावू. आता काही भ्यायचं कारण नाही!”

बाईंनी हाराकडे पाहिलं. “त्यांना डोळे पायजे होते. तुमाला टाके पायजेत. वासरू कुणालाच नको. जावा.”

गृहस्थ हार घेऊन परत गेले. मला वाटतं, तेवढ्या एकाच वेळी मी बाईंना रागावलेलं पाहिलं.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. भाऊ एकटा आहे म्हणाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले. सामान म्हणजे वळकटी, एक पिशवी आणि एक पत्र्याची ट्रंक. हमाल ट्रंक उचलताना म्हणाला, “आयला, दगड हायत का काय?”

“पुस्तकं हायत,” बाई म्हणाल्या. “पोरांची.”

वैरागची गाडी लागायला वेळ होता. बोलायचं पुष्कळ होतं, म्हणून मी भलतंच काहीतरी विचारलं. “बाई, गावाकडं ते... वासरू, अजून आहे?”

“गोठ्यात हाय. कुणी उचलायला तयार न्हाय. कुटं जाणार ते?”

मग त्यांनी कमरेची डबी काढली. ब्लेडखाली घडी केलेली एक चिठोरी होती, कोरी. ती त्यांनी ट्रंकेवर पसरली, माझ्या पोलक्याला लावलेलं पेन आपल्या हातानं काढून माझ्या बोटांत दिलं.

“एक ठिपका काढ,” म्हणाल्या.

भोवती लोक गाड्यांच्या पाट्या वाचत होते, एक बाई लेकराला पाणी पाजत होती. मी ठिपका काढला. हात कापला, आणि तो किंचित खाली उतरला.

त्यांनी चिठोरी उचलली. मला वाटलं, आता लांब धरतील, नाकाजवळ नेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. न बघताच घडी घातली, डबीत ठेवली, डबी कमरेला खोचली. आणि माझ्या गालावरून, कानापासून हनुवटीपर्यंत, आपला शाईचा तळहात सावकाश फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

“जा आता,” म्हणाल्या. “पोरी वाट बघत असतील.”

गाडी हलली तेव्हा त्या खिडकीत होत्या. मांडीवर पिशवी होती, पिशवीवर ते पुस्तक उघडं. ती एक प्रत त्यांनी ट्रंकेत घातली नव्हती. त्यातले डोळे खरवडले होते की ठेवले होते ते मला दिसलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा डावा तळहात पानावर, वासराच्या तोंडावर झाकलेला होता.